जामीनदाराच्या दारातली हलगी

“नुस्ती सही तर हाय की!”

या वाक्यावर कोल्हापूर जिल्ह्यात कायद्यानं बंदी घालायला हवी. दारूनं बुडालेली घरं मी पाहिली, मटक्यानं बुडालेली पाहिली. पण या वाक्यानं जेवढी बुडाली तेवढी कशानंच नाही. आणि ते वाक्य बोलणारा माणूस कधीच बुडत नाही. तो टेम्पो घेतो, बुलेट घेतो, पोरीचं बारसं मांडव घालून करतो. बुडतो तो सही करणारा.

माझा धंदा काय ते आधी सांगते, कारण तो आमच्या गल्लीलाही शेवटपर्यंत कळला नाही. मी एका नागरी बँकेच्या कर्ज विभागात क्लार्क होते. स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा मी पैसे घेतले आणि कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत औषधाच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. खाली पाटी लावली : ‘कर्ज परतफेड सल्ला’. पहिलं वर्षभर जो तो जिना चढून यायचा आणि विचारायचा, “किती टक्क्यानं देता?”

“मी कर्ज देत नाही. घेतलेलं फेडायला मदत करते.”

“मग पाटी कशाला लावलीसा?” असं म्हणून, शिव्या देत उतरायचा. फेडायला मदत लागते हेच मुळी कुणाला पटत नव्हतं. कर्ज काढायला दहा एजंट, फेडायला कोण नाही!

काम साधं होतं. माणूस थकला की त्याला समोर बसवायचं. घरात येतं किती, जातं किती, खोटं न बोलता सांग म्हणायचं. मग त्याच्याबरोबर बँकेत किंवा पतसंस्थेत जायचं, भांडायचं, दंडव्याज कमी करून घ्यायचं आणि झेपेल असा हप्ता बांधून घ्यायचा. फिटलं की बेबाकी दाखला घ्यायचा, म्हणजे याच्याकडं आता काही येणं नाही असं संस्थेनं शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. पुढं पुढं मुंबईहून प्रत्येकाची पत सांगणारा रिपोर्ट यायला लागला, तेव्हा त्यात खराब झालेलं नाव दुरुस्त करून घेणं हेही काम वाढलं.

त्या रिपोर्टानं तर वेड लागायची पाळी आली. रंकाळ्याजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे एक गृहस्थ आले. चार क्रेडिट कार्डं. एकाचे पैसे दुसऱ्यातून, दुसऱ्याचे तिसऱ्यातून. बँकेच्या कुठल्यातरी गोडबोल्यानं फोनवर सांगितलं, “सर, निम्म्यात मिटवून टाकू.” यांनी निम्मे भरले, घरात पेढे वाटले. पुढं घरासाठी कर्ज मागायला गेले तर रिपोर्टात लिहिलेलं, ‘तडजोड’. म्हणजे याने पुरते फेडले नाहीत, याच्यापासून जपून! निम्म्यात मिटवतो म्हणणाऱ्यानं हे सांगितलं होतं का? छे! त्याचं टार्गेट पूर्ण झालं, तो सुटला. गृहस्थ मला म्हणाले, “मॅडम, आम्ही फोटोला करतो तसं जरा टचप करून द्या की रिपोर्टाला.” मी म्हटलं, “पुटकुळी फोटोत नाही, तोंडावर आहे. उरलेले निम्मे भरा.” भरले बिचाऱ्यांनी. मग रिपोर्ट दुरुस्त व्हायला बँकेनं आमच्या चपला झिजवल्या. पैसे घ्यायला फोन घरपोच येतो, नाव परत द्यायला मात्र आपणच हेलपाटे घालायचे.

पण हे कार्डवाले त्यामानानं परवडले. त्यांनी स्वतः खाल्लं, स्वतः भरलं. माझं रक्त तापायचं ते जामीनदारांसाठी.

जामीन कसा मिळवतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं. आपल्याकडं कुणी कागद घेऊन थेट दारात येत नाही. आधी जेवायला बोलावतात. तांबडा-पांढरा रस्सा करतात, वाढणारी वहिनी “घ्या की भावजी, काय लाजताय” करते. माणूस ढेकर देऊन हात धुवायला उठला की टॉवेलाबरोबर फॉर्म पुढं येतो. आता खाल्ल्या मिठाला कोण नाही म्हणणार? आणि म्हणालाच तर गावभर होतं की रस्सा भुरकला आणि सही म्हटल्यावर पळाला. कायदा काय म्हणतो? कर्जदारानं नाही भरलं तर जामीनदारानं भरायचं. सगळं. व्याजासकट. हे त्या जेवणावळीत कुणी वाचून दाखवत नाही. तिथं फक्त ते एकच वाक्य असतं.

शांताक्का माझ्याकडं आली ती अशाच एका सहीपायी.

कुरुंदवाडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरं नाहीत. चिरमुऱ्याची भट्टी आणि पुढं भडंगाचं छोटं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी, राग आला की दोन्ही. आल्या आल्या तिनं पिशवीतून भडंगाचा पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “बाई, आधी खावा. मग सांगते. सांगितल्यावर तुमास्नी गोड लागायचं न्हाई.”

तिच्या नवऱ्याच्या पुतण्यानं, बसूनं, टेम्पोसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. शाकाहारी घर, म्हणून रश्श्याऐवजी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि वर तूप. “काकू, नुस्ती सही तर हाय की!” काकूनं सही केली. सही चालावी म्हणून संस्थेनं तिला शेअर घ्यायला लावून सभासदही करून घेतलं. बसूनं थोडे हप्ते भरले आणि टेम्पोसकट कर्नाटकात कुठं गडप झाला तो झाला.

“मग नोटीस आली असेल,” मी म्हटलं.

“आली. मी गेले, म्हणलं थांबा जरा, त्याला हुडकते. व्हय म्हणाले. आन् बाजारच्या दिवशी हलगी लावली की माझ्या दारात.”

वाचकांत कुणी परगावचं असेल म्हणून सांगते. त्या काळात काही पतसंस्थांनी वसुलीची ही युक्ती काढली होती. थकबाकीदाराच्या दारात हलगीवाले उभे करायचे. कडकडाट ऐकून माणसं गोळा झाली की संस्थेचा माणूस नाव घेऊन ओरडणार, अमक्या अमक्यानं इतके इतके थकवलेत. जी हलगी कुस्तीच्या मैदानात वाजली की अंगावर काटा येतो, ती या लोकांनी बायकापोरांना रडवायला लावली. आणि वर याला ‘अभिनव वसुली’ म्हणून आपल्या अहवालात छापायचे, निर्लज्ज!

“चिरमुरे भाजत हुते,” अक्का सांगत होती. “मला वाटलं कुणाची वरात आली. भाईर येऊन बघते तर माझंच नाव. आख्खं. नवऱ्याचं नाव लावून. मेलेल्या माणसाला बी सोडलं न्हाई, बाई. भाजीवाल्या बायका उठून बघायला आल्या. वरच्या गल्लीत बी जाऊन वाजवून आले, तिकडं माझं म्हायेर हाय म्हणून. हलगीवाल्या दोघांस्नी मी चिरमुरे दिलं खायला. त्यांचा काय दोष? पोटासाठी आलते.”

“आणि रडलात?”

“रडू कशाला? भट्टीत वाळू तापलेली, चिरमुरे करपले असते.”

पण पुढं रडायची वेळ आलीच. जयसिंगपूरचा शेंगदाण्याचा व्यापारी तिला एका फोनवर पोती पाठवायचा. माल विकला की पैसे. नवरा असल्यापासूनचा रिवाज. हलगीनंतर त्याचा निरोप आला, “अक्का, गैरसमज नको, हितनं पुढं रोख.” मग तांदूळवाल्याचा, मग तेलवाल्याचा. रोखीनं घ्यायला हातात भांडवल कुठलं? आठवड्यातले काही दिवस भट्टी विझायला लागली. मुंबईचा रिपोर्ट लांब राहिला, कुरुंदवाडात पत म्हणजे त्या व्यापाऱ्याचा फोन. तोच बंद झाला.

मला वाटलं, आता ही म्हणणार, बाई, मला यातून सोडवा. कायद्यात फट काढा. सगळे तेच म्हणायचे. अक्का म्हणाली, “फेडते मी. सही माझी हाय. पण माझं नाव मला परत पायजे.”

आम्ही संस्थेत गेलो. चेअरमन परीटघडीच्या कपड्यांत, पंख्याखाली. आजूबाजूला दोन संचालक उगाच बसलेले. मी विचारलं, “कर्ज बसूचं. टेम्पो बसूचा. मग हलगी बसूच्या दारात का नाही लावली?”

चेअरमन शांतपणे म्हणाले, “बसू घावतोय कुठं, मॅडम? अक्का घावतीया.”

सांगते, त्या क्षणी टेबलावरचा पेपरवेट त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. पण माणूस खरं बोलला होता. वसुलीचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. जो पळाला तो सुटला. जो रोज सकाळी आपलं दुकान उघडतो, ज्याला लाज आहे, तो सापडतो. म्हणून त्यालाच धरायचं! प्रामाणिक असणं हा आपल्याकडं पत्ता झालाय, वसुलीवाल्यांच्या सोयीसाठी.

मी भांडून दंडव्याज काढून टाकायला लावलं. महिन्याचा हप्ता नको म्हटलं, पिग्मी लावा. पिग्मी म्हणजे संस्थेचा एजंट रोज दारात येऊन जमेल तेवढे पैसे घेऊन जातो. किरकोळ धंद्यात रोज चार पैसे हातात असतात, महिन्याच्या शेवटी नसतात. हे साधं गणित कर्ज देणाऱ्यांना का कळत नाही, देव जाणे. तेही मान्य झालं. मी करार लिहायला घेतला तशी अक्का म्हणाली, “आणि एक लिवा. फिटलं की हलगी लावायची. माझ्या दारात. बाजारच्या दिवशी. आन् वरडून सांगायचं, शांताक्कानं फेडलं म्हणून.”

संचालक खो खो हसले. चेअरमन म्हणाले, “अक्का, दाखला देतो की शिक्क्याचा. फ्रेम करून लाव दुकानात.”

“दाखला कोण वाचतंय? नाव घालवलासा हलगीनं. आन् देताय कागदानं व्हय?”

मी इतकी वर्षं लोकांच्या हातात बेबाकी दाखले देत होते, पण इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मी ते कलम जसंच्या तसं लिहिलं. चेअरमननी हसत हसत खाली सही ठोकली. त्यांना वाटलं, बाई म्हातारी होईल, विसरेल. फेडायची तर नाहीच.

अक्का फेडत राहिली. पिग्मीवाला रोज यायचा, ती कधी चिल्लर, कधी नोट देत राहिली. जत्रांच्या दिवसांत जास्त, पावसाळ्यात थोडी. एका पावसाळ्यात महापूर आला, भट्टीत कमरेएवढं पाणी शिरलं, सगळी वाळू वाहून गेली. तेव्हा मी संस्थेत जाऊन तिला सवलत मागितली. मॅनेजर म्हणाला, “नियमात बसत नाही.” पूर तरी कुठं नियमात बसून आला होता! शेवटी दिली सवलत, पण मला घसा कोरडा करावा लागला. बसूचं म्हणाल तर मधे कधीतरी तो गावात येऊन, देवाला जाऊन, परत गेला. संस्थेला घावला नाही. कसा घावेल? कुणी शोधतच नव्हतं.

आणि एक दिवस फिटलं. मॅनेजरनं दाखला दिला, शिक्का मारून, सही करून. अक्कानं दाखला माझ्या हातात दिला आणि विचारलं, “हलगी कवा?”

मॅनेजर म्हणाला, “कसली हलगी?”

आम्ही चेअरमनकडं गेलो. त्यांनी आधी विसरल्यासारखं केलं. मग मी करार काढला, तेव्हा म्हणाले, “मॅडम, तुमी शिकलेल्या. हलगी वाजली की लोकांस्नी वाटणार परत थकलं. तिचंच नाव खराब हुईल.” म्हणजे हलगीचा अर्थ यांनीच बिघडवला आणि आता त्याच बिघडलेल्या अर्थाचं कारण पुढं करत होते! मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. दाराबाहेर माणसं थांबली. चेअरमन उठून गेले.

अक्का तोवर बाहेर जिन्यावर जाऊन बसली होती. मला म्हणाली, “बाई, तुमी रक्त आटवू नगा. मी सभासद हाय न्हवं?”

संस्थेची वार्षिक सभा मंगल कार्यालयात होती. ज्यांनी अशा सभा पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा पाहाव्यात. मॅनेजर विषय वाचायला लागतो, वाक्य पुरं व्हायच्या आत सभागृह ओरडतं, “मंजूर!” कारण मागं जेवणाची पातेली उघडलेली असतात आणि वास येत असतो. मी सभासद नव्हते, तरी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. कुणी उठवलं असतं तरी उठले नसते.

मॅनेजरनं वाचलं, “विषय तिसरा, थकबाकी वसुलीबाबत संस्थेनं केलेल्या कार्यवाहीस...”

“मंजूर!”

“नामंजूर,” अक्का उभी राहिली.

इतक्या वर्षांत त्या सभेत तो शब्द कुणी ऐकला नसावा. सगळे वळून बघायला लागले. चेअरमन माईकवरून म्हणाले, “अक्का, तुमचं आयत्या वेळच्या विषयात घेऊया.”

“हलगी आयत्या वेळंलाच आलती. मला कुठं आधी सांगितलंतासा?”

हशा झाला. चेअरमन जरा ओशाळले. मग आवाजात साखर घालून म्हणाले, “आवो, बाईमाणसाच्या दारात हलगी लावणं बरं दिसतंय का?”

“पयल्यांदा लावली तवा मी बाप्या हुते व्हय?”

आता मात्र सभागृहात टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं आधी. अक्कानं करारातलं ते कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता. पुढच्या रांगेतले एक म्हातारे सभासद काठी टेकत उठले आणि म्हणाले, “चेअरमन, खाली सही तुमचीच हाय न्हवं?”

“ती काय, ती नुस्ती...” चेअरमन बोलून गेले. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. त्या सभागृहातल्या प्रत्येकानं कधी ना कधी कुणासाठी तरी सही केलेली होती. लोक उठून उभे राहिले. “लावा हलगी! लावा!” जेवण थंड झालं, पण ठराव झाला. मी तेवढी खूश आयुष्यात फार थोड्या वेळा झाले.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी सकाळीच कुरुंदवाडला गेले. संस्थेनं दोन हलगीवाले पाठवले आणि बरोबर दिनकर नावाचा वसुली क्लार्क. पहिल्या वेळी ओरडला होता तोच. हलगी कडाडली. भाजीवाल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. माणसं जमली. हलगी थांबली आणि दिनकर तोंडातल्या तोंडात पुटपुटला, “सदर कर्जखाते बंद झाले आहे.” आणि घाम पुसला.

अक्का भट्टीजवळून पुढं आली. हाताला भट्टीची राख. “कुणाला सांगतोयस? मला? मला ठावं हाय.”

“अक्का, सांगितलं की.”

“खातं बंद झालं म्हंजे काय? माणसाच्या भाषेत सांग. त्या दिवशी माझं नाव घेतलंतास न्हवं? आख्खं घेतलंतास. नवऱ्याचं लावून. तसंच घे.”

दिनकरनं नाव घेतलं. आख्खं. “...यांनी जामीन राहिलेलं कर्ज फेडलं!”

“मोठ्यानं.”

तो जरा मोठ्यानं बोलला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, “परत थकलं काय गं हिचं?” दुसरी म्हणाली, “न्हाय, फिटलं म्हणतोय.” तिसरी म्हणाली, “फिटलं म्हणून कोण हलगी लावतंय व्हय?” चेअरमनचं म्हणणं खरं होणार की काय! अक्कानंही ते ऐकलं. मला वाटलं, आता ही खचली. पण तिनं हलगीवाल्यांना हात केला, “वाजवा. परत वाजवा.” हलगी परत कडाडली. “आता वरड. आन् हे बी सांग की कर्ज कुणाचं हुतं. बसूचं हुतं. त्याचं बी नाव घे.”

दिनकरनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं काय बघतोस, बाळा, असं मनात म्हणत मी दुसरीकडं पाहिलं. त्यानं छाती भरून घेतली आणि ओरडला. कर्ज बसूचं, फेडलं शांताक्कानं. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हातारी म्हणाली, “अगं बाई, हिचं नव्हतंच व्हय!”

दिनकरचा घसा बसला होता. “अक्का, झालं आता. जातो आमी.”

“कुठं जातोयस? त्या दिवशी वरच्या गल्लीत बी गेलतास.”

तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले, पायात चपला सरकवल्या, आणि भट्टी तशीच पेटती सोडून हलगीच्या पुढं चालायला लागली.